क्रिलच्या पकडीचा आकडा : प्रकल्प नोंदी, बेळगाव–खानापूर–निपाणी

८ जून २०२५

दसऱ्यानंतरच्या विज्ञान प्रदर्शनात दक्षिण महासागरातल्या क्रिलच्या (कोळंबीसारख्या दिसणाऱ्या छोट्या समुद्री जीवाच्या) साठ्याचं चालतं मॉडेल मांडायचं ठरलं. बघणाऱ्यानं पकडीचा आकडा बदलायचा आणि वीस वर्षांत क्रिलचं, माशांचं, पेंग्विनचं काय होतं ते तिथल्या तिथं पडद्यावर बघायचं. शीट आणि हिशेब खानापूरच्या गटाकडे. फलक आणि हाताळायची टेबलं निपाणीच्या गटाकडे. फलक मराठीत, प्रत्येक मथळ्याखाली कन्नड ओळ, कारण दोन्ही माध्यमांच्या शाळा येतात.

व्याप्ती आवरती ठेवली आहे. उत्तर ध्रुवाला एकच फलक: आर्क्टिक महासागराच्या मध्यातल्या सुमारे २८ लाख चौकिमी पाण्यात व्यापारी मासेमारी सुरू व्हायच्या आधीच ती १६ वर्षांसाठी थांबवणारा करार २०१८ साली झाला आणि २०२१ पासून लागू आहे. बाकी सगळं काम अंटार्क्टिकाच्या अटलांटिक बाजूचं, म्हणजे क्षेत्र ४८ चं. क्रिलची आजची मासेमारी जवळजवळ सगळी तिथंच चालते. उपक्षेत्रं चार: ४८.१ अंटार्क्टिक द्वीपकल्प, ४८.२ दक्षिण ऑर्कनी, ४८.३ दक्षिण जॉर्जिया, ४८.४ दक्षिण सँडविच.

नियम करणारी संस्था कॅमलार. तिचा करार १९८० साली कॅनबेरात झाला, १९८२ पासून अमलात आला. कार्यालय टास्मानियातल्या होबार्टला, भारत सदस्य. निर्णय एकमतानंच होतात, एक देश अडला तरी ठराव पडतो. ही गोष्ट मॉडेलमध्ये बसवता येत नाही, पण फलकावर ठळक हवी.

१५ जून

पहिलं टेबल: लांबी मोजणे. खरं क्रिल मिळणार नाही म्हणून सुका जवळा घेतला. तसंही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदीकाळ असल्यानं कॅम्पातल्या बाजारात सध्या सुक्या मासळीचंच राज्य. पाव किलो पुरे, निम्मा तुटका निघतो हे धरून.

जवळा म्हणजे क्रिल नव्हे, हे टेबलावरच लिहायचं. ओळखायची खूण कल्ल्यांची. क्रिलचे कल्ले पाठीच्या कवचाखाली झाकलेले नसतात, पायांच्या मुळाशी झालरीसारखे बाहेर दिसतात. जवळ्याचे कवचाच्या आत असतात. भिंगातून दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी ठेवली की मुलांना पटकन कळतं.

मोजायची रीत क्रिलच्या निरीक्षकांचीच ठेवली: डोळ्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या मधल्या टोकापर्यंत, आणि आकडा खालच्या पूर्ण मिलिमीटरला उतरवायचा. ३४.८ आला तरी ३४. मिशा धरायच्या नाहीत. जहाजावरचा निरीक्षक एका नमुन्यातली २०० क्रिल अशी मोजतो.

सुका जवळा वाकलेला असतो. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून ओल्या ब्रशनं सरळ करायचा. तासभर विसरला तर डोकं धडापासून सुटतं आणि नमुना गेला. मग स्कॅनरच्या काचेवर पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर जवळा, शेजारी स्टीलची पट्टी. ६०० डीपीआयला १ मिमी म्हणजे २३.६ पिक्सेल. पट्टी प्रत्येक स्कॅनमध्ये हवीच, कारण चित्र दुसऱ्या प्रोग्रामात उघडताना आकार बदलतो आणि मग सगळी मापं त्याच प्रमाणात चुकतात. स्कॅनर कुणाच्या घरचा आणायचा ते विचारपूर्वक ठरवावं, वास सहजासहजी जात नाही.

तुटके बाजूला काढताना एक पाचर बसते. मोठे जवळे जास्त तुटतात, म्हणून उरलेल्या नमुन्याची सरासरी लांबी खाली येते. समुद्रात याच्या उलट: जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी असली की छोटी क्रिल निसटतात आणि साठा आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. म्हणून सर्वेक्षणाला मासेमारीचं जाळं चालत नाही, बारीक आसेचं वेगळं जाळं ओढतात. फलकावर दोन्ही आलेख शेजारी लावू.

२२ जून

वय–लांबी–वजन तक्ता पूर्ण. वाढीची कमाल लांबी ६० मिमी, वाढीचा वेग ०.४८, वर्षाचा नैसर्गिक मृत्युदर ०.८ (म्हणजे शंभरातली ४५ पुढच्या वर्षापर्यंत जगतात). एक वर्षाची १००० क्रिल धरली तर:

१ वर्ष – २३ मिमी, १००० नग, ७२ ग्रॅम
२ वर्षं – ३७ मिमी, ४४९ नग, १५८ ग्रॅम
३ वर्षं – ४६ मिमी, २०२ नग, १४४ ग्रॅम
४ वर्षं – ५१ मिमी, ९१ नग, ९४ ग्रॅम
५ वर्षं – ५५ मिमी, ४१ नग, ५२ ग्रॅम
६ वर्षं – ५७ मिमी, १८ नग, २६ ग्रॅम
७ वर्षं – ५८ मिमी, ८ नग, १३ ग्रॅम

बेरीज ५५९ ग्रॅम. त्यातले ३०२ ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून जास्त, दोन आणि तीन वर्षांच्या क्रिलचे. लागोपाठ दोन वर्षं पिल्लं तगली नाहीत तर त्यानंतरच्या दोनेक वर्षांत साठ्याचं वजन निम्म्यावर येतं, जाळं पाण्यात टाकलं नाही तरी. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी बघा. पाच, सहा, सात वर्षांत फरक तीन मिलिमीटरचा. लांबीवरून वय काढायची सोय चौथ्या वर्षानंतर संपतेच. त्यात क्रिल उपाशी राहिलं की कात टाकताना आकसतं, म्हणजे हिवाळ्यात मोठ्याचं छोटं होतं. माशाला निदान कानातला दगड कापून वर्षाची वलयं मोजता येतात, इथं तसलं काही हाताशी नाही. म्हणून मॉडेलमध्ये चार वर्षांचे आणि त्यावरचे सगळे एका गटात टाकायचे. उगाच सात कॉलम दाखवून नेमकेपणाचा आव आणू नये. शीटमध्ये सात राहतील, पडद्यावर चार.

६ जुलै

भरती, म्हणजे दरवर्षी साठ्यात नव्यानं येणारी एक वर्षाची क्रिल. सगळ्यात डळमळीत आकडा हाच.

कारण आधी फलकासाठी: मादी डिसेंबर ते मार्चमध्ये अंडी सोडते. अंडी बुडत जातात, ७०० ते १००० मीटरवर फुटतात, आणि अळी न खाता वर चढत येते. पाणी उथळ असेल तर अंडं तळाला टेकतं आणि तिथल्या प्राण्यांच्या पोटात जातं, म्हणून माद्या खंडमंचाच्या कडेला, खोल पाण्यावर अंडी घालतात. वर आलेल्या अळीला पहिला हिवाळा काढायचा असतो. मोठं क्रिल आकसून तग धरतं, अळीच्या अंगात तेवढं बळ नसतं. तिला बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणारं शेवाळ लागतं. बर्फ उशिरा आला, लवकर गेला, की त्या वर्षीची फळी कमी. २०२३ साली सप्टेंबरमधला अंटार्क्टिक समुद्री बर्फाचा वार्षिक उच्चांक १ कोटी ७० लाख चौकिमीपर्यंतही पोचला नाही. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींत इतका कमी कधीच नव्हता.

शीटमध्ये: सरासरी भरती × यादृच्छिक गुणक. गुणक लॉगनॉर्मल घ्यायचा, कारण चांगलं वर्ष सरासरीच्या पाचपटही जातं, वाईट वर्ष मात्र शून्याखाली जात नाही. इथं हमखास फसगत होते. लॉगनॉर्मल गुणकाचा मध्यक १ ठेवला तर त्याची सरासरी १ राहत नाही. सिग्मा, म्हणजे चढउताराचं माप, १ असेल तर सरासरी १.६५ होते. म्हणजे मॉडेलमध्ये क्रिल फुकटात दीडपटीहून जास्त जन्मतात आणि कितीही पकडलं तरी साठा हलत नाही. उपाय: घातांकात सिग्माच्या वर्गाचा अर्धा भाग वजा करायचा. तपासणी: मासेमारी शून्य ठेवून १००० फेऱ्या चालवा, वीस वर्षांची सरासरी भरती १ च्या आसपास आली पाहिजे. नाही आली तर पुढे जाऊ नका.

दुसरी अडचण शीटची. यादृच्छिक फंक्शन कुठल्याही सेलला हात लावला की नवा आकडा फेकतं. बघणाऱ्यानं पकड वाढवली आणि नेमकं चांगलं वर्ष पडलं, तर पकड वाढवून साठा वाढतो असं दिसेल. म्हणून आकडे एकदा काढून, फक्त मूल्यं चिकटवून गोठवायची. असे दहा संच वेगळ्या पानावर ठेवायचे आणि सगळ्या तुलना एकाच संचावर करायच्या.

आकडे इंग्रजी अंकांतच टंकायचे. देवनागरी अंक काही संगणकांवर मजकूर म्हणून बसतात, बेरीज शांतपणे त्यांना वगळते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. देवनागरी फक्त फलकावर.

१३ जुलै

कॅमलारचे निर्णय-नियम. शीटमध्ये १००० फेऱ्या रेंगाळतात, म्हणून हा भाग आर या संगणकभाषेत. कॅमलारचं मॉडेलही आता आरमध्येच आहे, ग्रिम नावाचं. आमचं त्याच्यापुढे बाळबोध, पण सांगाडा तोच.

पहिली पायरी, मासेमारी शून्य ठेवून प्रजननक्षम साठ्याचा मध्यक काढायचा. हा पाया. दुसरी, गॅमा, म्हणजे साठ्याचा दरवर्षी पकडायचा अंश, ०.०१ ते ०.१५ पर्यंत एकेक करून लावायचा. प्रत्येक गॅमाला १००० फेऱ्या, वीस वर्षं. तिसरी, वीस वर्षांत एकदाही प्रजननक्षम साठा पायाच्या २० टक्क्यांखाली गेला अशा फेऱ्या किती ते मोजायचं. ज्या गॅमाला त्या १० टक्के होतात तो पहिला गॅमा. चौथी, वीस वर्षांअखेर साठ्याचा मध्यक पायाच्या ७५ टक्के उरतो तो दुसरा गॅमा. दोन्हींतला लहान घ्यायचा.

७५ का? क्रिल दुसऱ्या कुणाचं अन्न नसतं तर ५० टक्के उरवणं चालून गेलं असतं. ते फक्त भक्षकांसाठीच ठेवायचं तर १००. मधला आकडा ७५. आकडेमोडीतून आलेला नाही, तडजोडीतून आलेला आहे, आणि तसं सांगायला हरकत नाही.

गॅमा हा मूळ, न पकडलेल्या साठ्याचा अंश आहे. दरवर्षी जो साठा असेल त्याचा नाही. बहुतेक जण हे उलटं धरतात. गॅमा ०.०९३ आणि मूळ साठा १०० असेल तर पकड दरवर्षी ९.३, साठा ४० वर आला तरी ९.३. त्यामुळे वाईट वर्षी तीच पकड दुपटीहून जास्त टोचते. कोडमध्ये यामुळे एक पहारा लागतो: त्या वर्षी पकडण्याजोगं क्रिल पकडीपेक्षा कमी असेल तर नगसंख्या ऋण होते आणि पुढच्या वर्षी ऋण क्रिल ऋण अंडी घालतात. पकड = पकड आणि उपलब्ध साठा यांतला लहान आकडा, एवढी एक ओळ पुरते.

पकड वर्षाच्या सुरुवातीला वजा करायची की शेवटी, यानंही निकाल हलतो. मृत्युदर ०.८ असताना सहा महिन्यांत शंभरातली ३३ मरतात. आम्ही अर्धा मृत्यू, मग पकड, मग उरलेला अर्धा, असा क्रम ठेवला.

सिग्मा वाढवला की पहिला नियम आधी अडवतो, कमी ठेवला की दुसरा. फार वाढवला तर मासेमारी शून्य असतानाच १० टक्क्यांहून जास्त फेऱ्या २० टक्क्यांखाली जातात, मग पहिला गॅमा शून्यच. असं झालं की कोड बिघडला म्हणून शोधत बसू नका. नियमाची रचनाच अशी आहे की निसर्ग स्वतःच ती रेघ ओलांडत असेल तर मासेमारीला जागा उरत नाही.

२० जुलै

दिवसभर पाऊस, वीज जाऊन येऊन. फक्त एककं तपासली. मिलियन टन आणि लाख टन यांत शून्य सरकतं: ५.६१ मिलियन म्हणजे ५६.१ लाख, ६०.३ मिलियन म्हणजे ६ कोटी ३ लाख. सगळीकडे लाख टन ठेवले.

२७ जुलै

साठा मोजतात कसा. जहाज सरळ रेघांत जातं, ध्वनी खाली सोडतं, परतलेला प्रतिध्वनी मोजतं. ३८ आणि १२० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारता एकदम वापरतात. क्रिल लहान असल्यानं १२० ला ठळक दिसतं, ३८ ला फिकं. पोटात हवेची पिशवी असलेल्या माशांचं तसं नसतं. दोन्हींतला फरक ठराविक पट्ट्यात आला तर क्रिल धरायचं. मोजणी उजेडातच, कारण रात्री क्रिल वर येतं आणि जहाजाच्या तळाशी असलेल्या यंत्राच्याही वर गेलं की दिसतच नाही.

एकूण प्रतिध्वनी ÷ एका क्रिलचा प्रतिध्वनी = नग. भाजक डेसिबलमध्ये असतो, आणि डेसिबल लॉगचं माप. ३ डेसिबलची चूक म्हणजे साठा दुप्पट किंवा निम्मा. क्रिल पोहताना किती तिरकं असतं, अंगात चरबी किती, यावर तो भाजक ठरतो.

याचा जिताजागता दाखला: २००० सालच्या सर्वेक्षणातून क्षेत्र ४८ चा साठा आधी ४ कोटी ४३ लाख टन निघाला. तीच मोजणी २००७ मध्ये पुन्हा हिशेबाला घेतली तेव्हा ३ कोटी ७३ लाख. २०१० मध्ये ६ कोटी ३ लाख. समुद्रात नवं जहाज गेलं नव्हतं. त्याच प्रतिध्वनींचा अर्थ बदलला. ३७३ चे ६०३ होणं म्हणजे जेमतेम २ डेसिबलचा खेळ. २०१९ सालच्या नव्या सर्वेक्षणात ६ कोटी २६ लाख आले, त्यामुळे २०१० चा आकडा निदान एकटा पडला नाही.

६०३ लाख × ०.०९३ = ५६.१ लाख टन. कागदावरची मर्यादा ही. शीटमध्ये डेसिबलचा सरकता दांडा दिला आहे, −३ ते +३. प्रदर्शनात सगळ्यात जास्त हात याच दांड्यावर पडतील असा अंदाज.

१० ऑगस्ट

चार उपक्षेत्रांचं पान. हा प्रकल्पाचा गाभा, म्हणून सविस्तर.

५६.१ लाख टनांची मर्यादा आहे, पण ती कधी वापरलीच गेली नाही. तिच्याखाली दुसरी रेघ आहे: ६.२ लाख टन. साठा उपक्षेत्रांत कसा वाटायचा ते ठरेपर्यंत यापुढे जायचं नाही, अशी अट. ६.२ लाख म्हणजे ६०३ लाखांचा १ टक्का. नुसतं एवढं ऐकलं की कुणीही म्हणेल, मग अडचण काय? अडचण अशी की क्रिल सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, जहाजं दाट थव्यांवर जातात, आणि दाट थवे असतात तिथंच पेंग्विनच्या वसाहती असतात.

म्हणून २००९ साली ६.२ लाखांची टक्केवारी ठरली: ४८.१ ला २५, ४८.२ ला ४५, ४८.३ ला ४५, ४८.४ ला १५. टनांत १.५५, २.७९, २.७९ आणि ०.९३ लाख. बेरीज १३० टक्के, ८.०६ लाख टन. हा छपाईदोष नाही. जहाजांना कुठं जायचं याची मोकळीक, पण एकूण ६.२ च्या आत. मॉडेलमध्ये त्यामुळे दोन पहारे एकदम हवेत, दर महिन्याला: उपक्षेत्रातली शिल्लक आणि एकूण शिल्लक, दोन्हींतली लहान. एकच लावला तर मॉडेल खुशाल ८.०६ लाख पकडतं.

आणखी एक बारीक गोष्ट. एकूण शिल्लक संपत आलेल्या महिन्यात शीट वरून खाली हिशेब करतं, म्हणून ४८.१ ला नेहमी आधी वाटा मिळतो आणि ४८.४ कोरडं राहतं. निकाल बघून वाटतं, सँडविच बेटांपाशी क्रिलच नाही. तो फक्त ओळींचा क्रम. उरलेली शिल्लक त्या महिन्याच्या मागणीच्या प्रमाणात वाटायची, मग ठीक.

ही वाटणी मुदतीची होती. ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत मुदतवाढीवर एकमत झालं नाही आणि ती गळून पडली. ६.२ लाखांची रेघ राहिली, पण ते कुठूनही पकडायला मोकळं. कॅमलारचा हंगाम १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर. २०२४–२५ च्या हंगामात ६.२ लाख टनांची रेघ पहिल्यांदाच गाठली गेली आणि ऑगस्ट लागताच क्षेत्र ४८ ची क्रिल मासेमारी बंद करावी लागली. आधीच्या कित्येक हंगामांत ४८.१ एकटं १.५५ लाखांवर बंद व्हायचं आणि जहाजं पुढे ऑर्कनी, जॉर्जियाकडे सरकायची.

शीटमध्ये तीन खटके केले. पहिला: फक्त एकूण ६.२. दुसरा: २००९ ची टक्केवारी. तिसरा: टक्केवारी अधिक वसाहतींभोवती ३० ते ४० किमी पाणी पिल्लांच्या काळात मोकळं. तिसरा हवेतला नाही. २०१८ पासून क्रिल कंपन्यांच्या संघटनेनं अशी पट्टी स्वेच्छेनं पाळायचं ठरवलं. तिन्ही खटक्यांना वर्षाची पकड तेवढीच ठेवायची. मगच दिसतं की वीस वर्षांनंतरची क्रिलची एकूण रेघ तिन्हींत जवळजवळ एकावर एक पडते आणि पेंग्विनची रेघ मात्र फुटते. फलकाचा मथळा इथूनच घ्यायचा.

प्रवाह: क्रिल द्वीपकल्पाकडून ऑर्कनी, तिथून जॉर्जियाकडे वाहत जातं. दक्षिण जॉर्जियात पिल्लांची स्वतःची भरती नगण्य, येतं ते बाहेरून. म्हणून ४८.१ मधल्या पकडीची झळ ४८.३ ला एक-दोन वर्षांनी लागते. किती टक्के वाहतं याला एक आकडा देणं धाडसाचं, त्यामुळे ०, १० आणि ३० असे तीन पर्याय बघणाऱ्यावर सोडले.

२४ ऑगस्ट

माशांची पानं. बुधवारपासून गणपती, त्याआधी एवढं उरकलं.

संगमरवरी रॉककॉड, दक्षिण जॉर्जिया: १९६९–७० च्या एका हंगामात सुमारे ४ लाख टन पकडला, पुढच्या हंगामात १ लाखाच्या आसपास, आणि साठा कोसळला. १९८५ पासून त्याची थेट मासेमारी बंद आहे. साठा कोसळला ती कॅमलार जन्मायच्या दहा वर्षं आधीची गोष्ट, आणि कॅमलार जन्मायचं एक कारणही. फलकावर फक्त दोन खांब: ४ आणि १. मजकूर नको.

मॅकरल आइसफिश: रक्तात हिमोग्लोबिन नाही, रक्त पाण्यासारखं. खातो मुख्यतः क्रिल. याला वीस वर्षांचा नियम लागत नाही, कारण साठा वर्षावर्षाला उसळतो. ताजं सर्वेक्षण घ्यायचं, त्याची खालची ९५ टक्क्यांची मर्यादा धरायची, दोनच वर्षं पुढे चालवायचं, आणि न पकडता जेवढा उरला असता त्याच्या ७५ टक्के उरला पाहिजे. मॉडेलमध्ये त्याचा मृत्युदर स्थिर ठेवू नये. क्रिल कमी झालं की मासा उपाशी, शिवाय क्रिल न मिळालेले फर सील याच्यावर तुटून पडतात. क्रिलचा निर्देशांक निम्म्याखाली गेला की मृत्युदर वाढेल अशी साखळी जोडली.

टूथफिश: सगळं उलट. मादी साधारण सतराव्या वर्षी प्रौढ होते, नर तेराव्या. मृत्युदर ०.१३, म्हणजे शंभरातले ८८ पुढच्या वर्षी जिवंत. म्हणून नियम ३५ वर्षांचा आणि ५० टक्क्यांचा. वीस वर्षांत चूक दिसतच नाही. दोन्ही पानं एकाच वेळमापावर छापली तर टूथफिशची रेघ सपाट वाटते आणि मुलं पुढे जातात. आडवा अक्ष वेगळा ठेवावा.

१४ सप्टेंबर

दुसरं टेबल: खुणा लावून मासे मोजणे. परातीत पावटे. टूथफिशच्या पोटात हवेची पिशवी नसते आणि तो खोल पाण्यात असतो, त्यामुळे प्रतिध्वनीनं मोजत नाहीत. लांब दोरीच्या गळांनी पकडतात, काहींना खूण लावून सोडतात. रॉस समुद्रात टनामागे एक मासा, प्रत्येकाला दोन खुणा, कारण एक गळून पडू शकते.

कृती: १२० पावट्यांना नेलपॉलिशचा ठिपका. पूर्ण वाळू द्यावा, ओला असला की चार-पाच दाणे चिकटून गठ्ठा होतो आणि एकदम हाती लागतो. सगळे परातीत मिसळा. २०० काढा. खुणेचे ८ निघाले तर १२० × २०० ÷ ८ = ३०००. सात निघाले तर ३४२९, नऊ निघाले तर २६६७. एका दाण्याच्या फरकानं तीन-चारशे इकडे किंवा तिकडे. खरा आकडा आधी वजनावरून काढून परातीखाली चिकटवायचा: १०० दाण्यांचं वजन, मग सगळ्यांचं.

मिसळणं हाताखालून वर, परात हलवून नाही. हलवली की मोठे दाणे वर येतात. मोठे निवडूनच खुणा केल्या असतील तर मग वरून घेतलेल्या ओंजळीत खुणाच खुणा, आणि साठा आहे त्यापेक्षा कमी निघतो. जहाजावर उलटं होतं: छोटा मासा उचलायला सोपा म्हणून छोट्यांनाच खुणा लावल्या जातात. त्यामुळे खुणेच्या माशांची लांबी आणि एकूण पकडीची लांबी निदान ६० टक्के जुळली पाहिजे असा नियम आहे. टेबलाजवळ चाळण ठेवली, दोन्ही प्रकार करून बघता येतील.

पावटे डब्यात कोरडे ठेवा. खानापूरच्या दमट हवेत ठिपक्याखाली बुरशी धरते.

२८ सप्टेंबर

पेंग्विनचं पान आणि शेवटच्या दुरुस्त्या.

उपक्षेत्राचे दोन कप्पे: वसाहतीजवळचं पाणी आणि बाहेरचं. डिसेंबर ते फेब्रुवारी पिल्लं घरट्यात असताना पालक जवळच्याच कप्प्यातून खातात, लांब जाऊन वेळेत परतता येत नाही. मार्चपासून दोन्ही कप्पे खुले. म्हणून महिन्याची पायरी हवी. वर्षाची पायरी ठेवली तर तिसरा खटका काहीच करत नाही आणि तो निरुपयोगी वाटतो.

बंदीचा उशीरही घातला. मर्यादा जवळ आली की जहाजं दर पाच दिवसांनी पकड कळवतात, तरी अहवाल पोचून आदेश निघेपर्यंत दिवस जातात. धरून चला, १२ जहाजं, प्रत्येकी रोज २५० टन, आणि उशीर ७ दिवसांचा: २१,००० टन रेघेपलीकडे. म्हणून बंदीची तारीख पकड पूर्ण झाल्यावर नाही, आधीच्या वेगावरून अंदाजानं काढावी लागते. शीटमध्ये उशीर ० ते १४ दिवस.

जहाजानं सांगितलेली टनांतली पकडही थेट वजन नसते. कुणी पंपाच्या प्रवाहावरून, कुणी जाळ्याच्या फुगवट्यावरून, कुणी तयार भुकटीच्या वजनाला गुणक लावून काढतं. तिन्ही रीती एकाच ओळीत बेरजेला येतात. यासाठी ±१० टक्क्यांचा दांडा ठेवला आहे. हा आकडा आमचा गृहीत, तसं लेबलवर लिहिलं.

प्रदर्शनाआधी: सूत्रांच्या सेलना कुलूप, फक्त पाच सेल उघडे. गोठवलेले दहा संच वेगळ्या पेनड्राइव्हवर. कन्नड ओळी निपाणीहून तपासून आल्या, ४८.२ च्या फलकावर टक्केवारी २५ पडली आहे ती ४५ करायची. लॅपटॉपला यूपीएस. जवळ्याचं टेबल दारापाशी, पंख्याच्या उलट बाजूला.